खात्री नसल्याचे इंग्रजी शब्द

“तिला इचारू नका अक्का, ती मेबी म्हनंल.”

स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचं हसणं. मी पलीकडच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते. कानांत हेडफोन होते, पण त्यांत काही वाजत नव्हतं. कुणी बोलायला येऊ नये म्हणून मी ते घालून बसते. यंदा येळवसीला मी गावाकडे येणार का, असं आई विचारायला निघाली होती. येळवस म्हणजे आमच्याकडची शेतात जेवायची अमावस्या. ती यायला अजून अडीच महिने होते. काकूचं म्हणणं बरोबर होतं. मी तेच म्हणाले असते.

“मेबी म्हंजी यायचं हाय का न्हाई यायचं?” काकूने विचारलं.

“ते तिला तरी कुठं माहितेय,” आई म्हणाली.

“मंग एवढं इंग्लिस कामून शिकवलं? आमच्या म्हशीला पेंड घालू का इचारलं तर ती बी मान हलवून सांगती.”

दोघी पुन्हा हसल्या. मला राग आला नाही. काकूच्या चेष्टेला एक गुण आहे, ती पाठीमागे जे बोलते तेच तोंडावरही बोलते. त्यामुळे भिंतीआडून ऐकलं तरी नवीन काही कळत नाही.

काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. ते लोहा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, शेती बघतात. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नांदेडात. सोयाबीन काढायला आलेलं असताना काकू गाव सोडून दोन दिवस नांदेडला आली, ही साधी गोष्ट नव्हती. घरातल्या पुरुषांना तिने कंबरेचं दुखणं सांगितलं होतं. खरं कारण फक्त आईला माहीत होतं, आणि त्या दुपारी ते मला कळायचं होतं.

त्याआधी ‘मेबी’बद्दल थोडं सांगायला हवं.

आमच्या शाळेत इंग्रजी बोलायची सक्ती होती आणि माझ्या घरी इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. त्यामुळे वर्गात उभं राहिलं की दोन्हीकडून चुकायची सोय होती. उत्तर चुकू शकत होतं आणि उत्तराचं इंग्रजीही चुकू शकत होतं. पाचवीत असताना माझ्या लक्षात आलं की वाक्याच्या आधी ‘आय थिंक’ लावलं की चूक अर्धीच आपली राहते. मॅडमही ‘आय थिंक’वाल्या उत्तराला जरा हळू रागवायच्या. मग मी असे शब्द गोळा करायला लागले. इतर मुली स्टिकर जमवायच्या, त्यातलाच प्रकार. ‘मेबी’, ‘प्रॉबेबली’, ‘आय गेस’, ‘सॉर्ट ऑफ’, ‘आय ॲम नॉट शुअर बट’. हैदराबादहून आलेली एक मुलगी ‘परहॅप्स’ म्हणायची. तो शब्द मी वर्षभर जवळ ठेवला, पण तोंडातून बाहेर काढायचं धाडस झालं नाही. तो फार इस्त्री केलेला वाटायचा.

हे सगळे शब्द एकच सांगतात असं वरून वाटतं, पण वापरणाऱ्याला फरक माहीत असतो. मला उत्तर येत असायचं पण पुढे व्हायचं नसायचं, तेव्हा मी ‘प्रॉबेबली’ म्हणायचे. मला एखादी गोष्ट करायची नसायची तेव्हा ‘मेबी’. दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असलं आणि विचारणं नावापुरतं असलं, तर ‘आय गेस’. या शब्दांनी मी कधी कुणाशी खोटं बोलले नाही. एवढंच की, माझं खरं काय ते कुणालाही कळलं नाही.

गावाकडची माणसं शंका घेत नाहीत असं नाही. पण त्यांची शंका अशी वेगळी काढून ठेवलेली नसते, ती बोलण्यातच मिसळलेली असते. पाऊस येईल का विचारलं तर काका वर न बघता म्हणतात, “यील आसंल.” त्यात होही असतं, नाहीही असतं, आणि तुला काय करायचंय हेही असतं. काकूचा स्वतःचा शब्द ‘शक’. “मला शक हाय, दुधात पाणी घालून राहिलाय त्यो.” तिचा शक नेहमी कुणावर तरी असतो, तो नुसता हवेत नसतो. शक आला की ती उठते आणि जाऊन बघते. मी मात्र माझ्या शंकेजवळ बसून राहते.

अकरावी-बारावीला मी लातूरला होते. तिथे ‘डाउट’ हा वेगळ्याच अर्थाचा शब्द आहे. लातुरात डाउट म्हणजे प्रश्न. डाउट असतात, डाउट काढतात, डाउट विचारायला जातात. आमच्या क्लासच्या तळमजल्यावर एक डाउट काउंटर होतं. रेल्वेच्या तिकीट खिडकीसारखं, पुढे रांग. पोरं-पोरी वह्या उघड्या धरून उभ्या असायच्या आणि आतले सर एकामागून एक डाउट निकालात काढायचे. “नेक्स्ट डाउट!” असं ओरडायचे. मी दोन वर्षांत त्या रांगेत एकदाही उभी राहिले नाही. माझी रूममेट उदगीरची होती. ती माझे डाउट स्वतःचे म्हणून विचारून यायची. सर तिला एकदा म्हणाले, “तुला इतका डाउट, तू पास होशील का?” तिने खोलीवर येऊन मला ते हसत सांगितलं. मी तिला सॉरी म्हणाले. ती म्हणाली, “सॉरी काय म्हणतीस, मलाच आता तुझ्यापेक्षा जास्त यायलंय.” आणि तसंच झालं. ती पुढे डॉक्टर व्हायला गेली आणि मी इंजिनिअरिंगला नांदेडातच, विष्णुपुरीच्या कॉलेजात आले.

लातूरने मला आणखी एक शिकवलं, ते म्हणजे सोडून द्यायला. चुकलं तर गुण कापतात, म्हणून खात्री नसली की उत्तरपत्रिकेतला गोल कोरा ठेवायचा. सर सांगायचे, शंका आहे ना, मग हात लावू नका. माझ्या स्वभावाला ते इतकं मानवलं की परीक्षा संपल्यावरही मी बरेच गोल कोरे ठेवत गेले.

आता मी घरून काम करते. कंपनी पुण्याची आहे. लोकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहायची, हे काम. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं की कंपनीवर येईल असं काही लिहायचं नाही. ‘तुमची वस्तू उशिरा येईल’ असं नाही, ‘थोडा विलंब होऊ शकतो’. ‘आमची चूक झाली’ असं नाही, ‘असं दिसतं की काही अडचण आली असावी’. बाकीच्यांना ते जमायला महिना लागला. मला काहीच शिकावं लागलं नाही. माझ्या मॅनेजरने माझी उत्तरं नमुना म्हणून सगळ्यांना पाठवली.

तर त्या दुपारी काकू माझ्या खोलीत आली. आई भाजी आणायला खाली गेली होती. काकूने दार लोटलं, पलंगाच्या कडेला बसली आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीतून एक लांबट पाकीट काढलं.

“हे जरा वाच, माय.”

“काय आहे?”

“सोनोग्राफीचा रिपोर्ट हाय.” मग तिने आवाज खाली आणला. “इथं गाठ लागली होती.” तिने डाव्या छातीच्या बाजूला, पदरावरूनच, बोट टेकवलं. “तुझ्या आईनं नेलतं. डॉक्टरीनबाई दोन दिस बाहेरगावी गेल्यात म्हनं. आन मला तर उद्या सकाळच्या गाडीनं जायचंय. मजूर मिळंना झालेत, सोयाबीन फुटून राहिलंय.”

“आईने वाचला नाही?”

“अक्काला कुठं येतंय एवढं. आन पुरुषांपाशी कसा द्यावा असला कागद? तुझ्या काकाला काई सांगितलं न्हाई मी. तूच एक हायस घरात वाचनारी.”

मी पाकीट उघडलं. पानभर मजकूर होता. माप, जागा, आकार. ते सगळं स्पष्ट होतं, आकड्यांत होतं. खाली शेवटच्या चार ओळींत सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचं मत होतं आणि ते माझ्या ओळखीच्या शब्दांत होतं. ‘लाइकली बिनाइन.’ म्हणजे गाठ साधी असण्याची शक्यता जास्त. मग एक ‘हाउएव्हर’. मग ‘कॅनॉट बी एन्टायरली रूल्ड आउट.’ म्हणजे दुसरं काही नाहीच, असं पूर्णपणे म्हणता येत नाही. आणि शेवटची ओळ, ‘बायोप्सी इज ॲडव्हाइज्ड.’ म्हणजे तुकडा काढून तपासून घ्या.

मी ते दोनदा वाचलं. काकू माझ्या डोळ्यांकडे बघत होती, कागदाकडे नाही. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि पोथी खणखणीत वाचते. पण हा इंग्रजी कागद तिला माझ्या तोंडावरच वाचायचा होता.

“बहुतेक साधी गाठ आहे,” मी म्हणाले.

“म्हंजी काई न्हाई?”

“बहुतेक नाही.”

“शक न्हाई ना डॉक्टरला?”

इथे खरं म्हणजे एकच उत्तर होतं. डॉक्टरांना शक होता, थोडा होता, पण त्यांनी तो लिहून ठेवला होता. मी म्हणाले, “तसं काही नाही. गरज पडली तर तुकडा काढून तपासा, असं लिहिलंय.”

‘गरज पडली तर’ हे कागदावर नव्हतं. मी ते का घातलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काकूला घाबरवायचं नव्हतं, हे एक कारण. पण तेवढंच नव्हतं. ती ओळ तशीच सांगितली असती तर काकूने पुढचं विचारलं असतं. कुठे काढतात, दुखतं का, काय निघेल, काकाला काय सांगू. आणि मला त्या सगळ्यात उभं राहावं लागलं असतं. मी ती ओळ नेहमीच्या सवयीने मऊ केली. तक्रारींच्या उत्तरांत दिवसातून चाळीस वेळा करते तशी.

काकूने एकदम श्वास सोडला. “बघ, मी म्हनलंच होतं अक्काला. दुखत न्हाई, काई न्हाई, उगी कशाला डॉक्टर करायचा.” तिने पाकीट परत पिशवीत घातलं. मी तेवढ्यात तिच्याकडून ते मागून घेतलं आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढला. “आईला दाखवायला,” मी म्हणाले. तो फोटो मी आईला दाखवला नाही.

संध्याकाळी काकूने भरली वांगी केली. इतकी तिखट केली होती की बाबा दोनदा पाणी प्यायला उठले. “कंबर बरी दिसतेय आता,” बाबा म्हणाले. काकू म्हणाली, “हाव भावजी, एकदम मोकळी झाली.” आई खाली बघून हसली. मी पण हसले.

त्यानंतर मी माझ्याच वाक्याचा प्रवास बघत राहिले. मी ‘बहुतेक काही नाही’ म्हणाले होते. आईने मावशीला फोनवर सांगितलं, “रिपोर्टात काही निघालं नाही.” दिवाळीत काकूचा फोन आला तेव्हा ती आईला म्हणत होती, “डॉक्टरनं लिहून दिलंय की, काई न्हाई म्हनून.” ‘बहुतेक’ पहिल्याच फोनमध्ये गळून पडलं. ‘गरज पडली तर तुकडा’ हे तर कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तो भाग मीच असा सांगितला होता की लक्षात राहू नये. आणि परत त्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं कुणाच्याच मनात आलं नाही. आमच्याकडे रिपोर्ट दाखवायचा म्हणजे कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. तो वाचून झाला होता.

मी मधूनमधून फोटो उघडायचे. शब्द मोठे करून बघायचे. ‘लाइकली’चा अर्थ शब्दकोशात बघितला, ‘संभाव्य’ असा होता. आमच्या गावात ‘संभाव्य’ असं कुणी आयुष्यात म्हटलेलं नसेल. काकूला मी तीनदा मेसेज लिहायला घेतला. पहिल्यांदा, ‘काकू, मला वाटतं एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं का?’ दुसऱ्यांदा, ‘काकू, तसं काही नाही, पण वेळ मिळाला तर.’ तिसऱ्यांदा नुसतं ‘काकू’. तिन्ही पुसले. लिहिताना एक गोष्ट समजली. त्या डॉक्टरांनी आपल्याला खात्री नाही असं लिहिलं होतं आणि म्हणूनच पुढच्या ओळीत काय करायचं ते सांगितलं होतं. माझ्या तिन्ही मेसेजांमध्ये पुढची ओळ नव्हती.

एकदा आईपाशी विषय काढला. ती डाळ निवडत होती.

“काकूने परत दाखवलं का गं डॉक्टरांना?”

“कशाला? तूच वाचलास ना?”

“हो, पण.”

“पण काय?”

“काही नाही. असंच.”

“येळवस होऊ दे. आता त्यांचे कामाचे दिवस आहेत, कशाला तिच्या डोक्याला घोर,” आई म्हणाली. मीही म्हणाले, येळवस होऊ दे. माझ्याकडे आता एक तारीख आली होती आणि तारीख आली की थांबायला हरकत नसते.

येळवसीला मी गेले. ‘मेबी’ न म्हणता गेले, याचंच आईला नवल. बाबांना सुट्टी मिळाली नाही. आई आणि मी एसटीने लोह्याला उतरलो, पुढे काकांनी ऑटो पाठवला होता. शेतात ज्वारी खांद्याएवढी झाली होती, खाली हरभरा. मध्ये कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, उभी केली होती, आत पूजेचे चुन्याने रंगवलेले पाच दगड. घरून बायका टोपल्यांत सगळं घेऊन येतात: भाज्या-डाळींची घट्ट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगांच्या पोळ्या, खीर, आणि माठातली आंबील. काकूचं टोपलं दरवर्षी काकूच्याच डोक्यावर असतं आणि ती कुणाला हात लावू देत नाही. या वेळी बांधावर येताच ती आईला म्हणाली, “घ्या हो अक्का, माझी मान अवघडलीय.” तिने टोपलं उजव्या हाताने उतरवलं. डावा हात कोपरापर्यंत अंगाला चिकटलेला होता.

पूजा झाली. काका आणि इतर पुरुष पिकात आंबील शिंपडत, ओरडत शेताला फेरी घालून आले. ओरडायचे ते शब्द कानडी आहेत म्हणतात. त्यांचा अर्थ आमच्यात कुणालाच सांगता येत नाही, पण ओरडताना कुणी अडखळत नाही. मग पुरुष लिंबाखाली पंगतीला बसले आणि बायका कोपेच्या सावलीत. मी काकूच्या समोर बसले होते. ती वाढत होती. प्रत्येक वेळी पातेलं डावीकडे असलं तरी ती अख्खी वळून उजव्या हाताने घ्यायची. मी ते मोजायला लागले आणि मग मोजायचं थांबवलं.

येळवसीला एकमेकांच्या शेतात जाऊन जेवायची पद्धत आहे. धुऱ्यापलीकडच्या, बांधाला बांध लागलेल्या शेतातली बाई आमच्याकडे आली. तिशी-पस्तिशीची, अंगाने बारीक. काकूने तिच्या ताटात भज्जीचा ढीग घातला.

“बास बास, मला काय बैल समजलाव का?”

“खा गं. वाळून खारीक झालीस.”

ती थोडी खात राहिली. मग काकूजवळ सरकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, “तुमाला बी गाठ झालती म्हनं ना? मला बी हाय एक. काखेपाशी. तीन महिने झाले.”

“दुखती का?”

“न्हाई.”

“मंग फिकीर कामून करती? माझी बी दुखत नव्हती. नांदेडला जाऊन फोटू काढला, आमच्या हिनं वाचला.” काकूने पळीने माझ्याकडे दाखवलं. “काई न्हाई म्हनली.”

“डॉक्टरला न्हाई दाखवला?”

“आता गं बाई! लिवनारा डॉक्टरच हाय की. ही नुसती वाचनारी. इंग्लिस शाळंतली हाय, लातूरला शिकलीय.”

“मंग गेली का तुमची गाठ?”

“हाय की. जरा मोठी झालीय. जाईल.”

आईचा घास हातातच राहिला. “मोठी झालीय? मला नाही सांगितलंस.”

“त्यात काय सांगायचं अक्का, रिपोर्ट हाय की घरी.” काकू त्या बाईकडे वळली. “तू बी एक फोटू काढून घे आन हिच्याकडं पाठव. मोबाईलवर बी वाचती ही. उगी डॉक्टरच्या दारात बसायला नको.” मग मला म्हणाली, “सांग गं माय हिला. जरा धीर यील.”

तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. ती बाई तर अशी बघत होती, जशी काकू त्या दुपारी बघत होती, थेट तोंडाकडे. माझ्या डोक्यात वाक्यं तयार होत होती आणि ती सगळी इंग्रजीत होती, सगळ्यांच्या पुढे काहीतरी लावलेलं होतं. मी ती एकेक सोडत गेले. आई म्हणाली, “अगं बोल की.”

“रिपोर्टात ‘काही नाही’ असं लिहिलेलं नाही,” मी म्हणाले.

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. लिंबाखालून कुणीतरी वळून बघितलं.

“आँ?” काकू म्हणाली.

“बहुतेक साधी आहे, पण नक्की सांगता येत नाही, म्हणून तुकडा काढून तपासा, असं लिहिलंय. गरज पडली तर, असं कुठेही नाही. ते मी घातलं. मी घाबरले होते.”

काकूने पळी पातेल्यात ठेवली. ती मला कधीच रागावत नाही आणि तेव्हाही रागावली नाही. तिचा उजवा हात डाव्या कोपरावर गेला.

“अडीच महिने झाले की गं माय,” ती हळूच म्हणाली. “तवाच कामून न्हाई बोललीस?”

माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, पण ते तिच्या काही कामाचं नव्हतं.

“बरं, आता सांग,” काकू म्हणाली. “ते हाय का न्हाई? एकच सांग.”

धुऱ्यापलीकडची बाई जेवायची थांबली होती. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मला थांबवायला की धीर द्यायला, ते कळलं नाही.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “तपासल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने तू आणि मी नांदेडला जातोय. ह्या ताईंनाही सोबत घेऊ. आणि काकांना आत्ता मी जाऊन सांगते.”